एक माहेर माळावर, एक माहेर पाण्याखाली



आम्ही माळेगाव बुद्रुकच्या एका बचत गटाच्या सोळा जणी. बोलायला एकीलाच बसवलंय, पण सांगायचंय ते सोळा जणींचं आहे, म्हणून 'आम्ही' असंच म्हणणार. दुपारची जेवणं आटोपून तुम्ही शेंगा फोडत नाहीतर ज्वारी निवडत हे ऐकत असाल. हात चालू द्या, कान तेवढे इकडं ठेवा.

आज कर्ज, व्याज, हप्ता यातलं काही नाही. आम्ही फिरायला गेलो होतो, ते सांगायचंय.

फिरायला म्हटलं की टीव्हीवरचं आफ्रिकेतलं जंगल डोळ्यांपुढं येतं. कुणाच्या पाहुण्यातली मुलगी श्रीलंकेला जाऊन आलेली असते. हत्ती बघितले, जुनी देवळं बघितली, असं सांगते. आपण ऐकतो आणि चुलीकडं वळतो. आम्ही गेलो ते बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत. सगळ्यात लांबचं ठिकाण घरापासून दीड-दोन तासांवर. पण तिथं रानातली हरणं होती, हिमालय ओलांडून आलेले पक्षी होते, शिवाजी महाराजांच्या आजोबांची गढी होती आणि पाण्यात बुडालेलं एक देऊळ होतं. सोळा जणींपैकी चौदा जणींनी यातलं जवळजवळ काहीच पाहिलेलं नव्हतं. लग्न होऊन वीस-वीस, तीस-तीस वर्षं याच भागात काढलेल्या बायका, बरं का!

मग इतकी वर्षं आपण कुठं कुठं गेलो, याची आम्ही बैठकीत यादीच केली. लग्न, मयत, बाळंतपण, दवाखाना आणि देवदर्शन. यादी तिथंच संपली.

पैशाचं कसं केलं

विषय निघाला तेव्हा बैठकीत चांगलाच वाद झाला. एक जण म्हणाली, "पोरांच्या फिया भरायला पैसं न्हाईत आन् हरणं कसली बघताय?" तिचं चूक नव्हतं. गटातला पैसा घामाचा असतो. शिलाई मशीन, शेळी, दवाखाना ही कामं सोडून सहलीला पैसा काढला, तर उद्या हप्ता थकलेल्या बाईला आपण कोणत्या तोंडानं विचारणार?

म्हणून आम्ही दोन नियम केले आणि इतिवृत्तात लिहून ठेवले. पहिला, गटाच्या बचतीला हात लावायचा नाही आणि सहलीसाठी कर्ज द्यायचं नाही. दुसरा, दर महिन्याला प्रत्येकीनं ५० रुपये वेगळे द्यायचे, त्याची वही वेगळी. १५ महिन्यांत १२,००० रुपये जमले. दोन्ही सहलींची गाडी, होड्या, चहापाणी धरून ११,७५० रुपये खर्च आला. २५० रुपये उरले, ते वहीत आहेत. जेवण प्रत्येकीनं घरून आणलं. भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. त्याची चव कुठल्या हॉटेलात मिळत नाही, हे वेगळं सांगायला नको.

पैसे जमवणं त्यामानानं सोपं गेलं. घरून परवानगी मिळवणं अवघड होतं. "देवाला जातेय" म्हटलं तर कुणी अडवत नाही, "बघायला जातेय" म्हटलं की सगळं घर प्रश्न विचारतं. आमच्यातल्या एकीला पहिल्या वेळी येऊच दिलं नाही. तिचेही पैसे भरलेले होते. गाडी तिच्या दारावरून गेली तेव्हा ती अंगण झाडत होती. तिनं मान वर केली नाही. ते आम्हाला दिवसभर लागून राहिलं.

भिगवणचं पाणी

महाशिवरात्रीनंतरचा रविवार होता. पहाटे चारला निघालो. बारामती ओलांडून भिगवण, तिथून कुंभारगाव. अजून तांबडं फुटायचं होतं. उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी इथपर्यंत आलेलं आहे. धरण तिकडं सोलापूर जिल्ह्यात, भीमा नदीवर, १९८० साली पुरं झालं. पण त्याचं पाणी मागं इंदापूर तालुक्यात आणि त्याच्याही वर पसरलंय.

इथले मच्छीमार भाऊ पूर्वी फक्त मासे धरायचे. आता थंडीच्या दिवसांत पक्षी दाखवायला होडी नेतात. आमच्या होडीवाल्या दादांची शाळा जेमतेम झालेली, पण पक्ष्यांची नावं मराठी-इंग्रजी दोन्ही पाठ. कोणता पक्षी कधी येतो, कधी जातो, काय खातो, सगळं सांगत होते.

पाण्यावर लांब एक गुलाबी पट्टा दिसला. आम्हाला वाटलं कुणी साड्या वाळत घातल्यात. जवळ गेलो तर रोहित पक्षी! त्यालाच अग्निपंख म्हणतात. पाय काठीसारखे, मान लांब आणि चोच वाकडी. हा पक्षी मान खाली घालून चोच उलटी करतो, चिखलपाणी आत ओढतो आणि बारीक किडे, शेवाळ गाळून घेतो. आपण चाळणीनं पीठ चाळतो तसंच. त्याचा गुलाबी रंगसुद्धा या खाण्यातूनच येतो. पिल्लू जन्मतं तेव्हा करडं-पांढरं असतं, खात खात रंगतं. हे पक्षी अंडी घालायला कच्छच्या रणासारख्या खाऱ्या दलदलीत जातात आणि थंडीत इकडं येतात.

दुसरीकडं राखाडी रंगाचे हंस दिसले, डोक्याच्या मागं दोन काळे पट्टे. दादा म्हणाले, याचं नाव पट्टकादंब. तिबेट, मंगोलियाकडून येतो, हिमालयावरून उडत. आमच्यातली एक जण म्हणाली, "एवढ्या लांबून हे दरसाल येत्यात, आन् आपल्याला इथून भिगवणला याया पंचवीस वर्षं लागली!" होडीत सगळ्या हसल्या.

सगळ्या म्हणजे एक सोडून. आमच्या गटातल्या आक्का गप्प होत्या. त्या होडीच्या काठावरून हात पाण्यात सोडून बसल्या होत्या, पक्ष्यांकडं त्यांचं लक्षच नव्हतं. आम्हाला वाटलं, पाण्याची भीती वाटत असेल. कारण आम्हाला तेव्हा कळलं नाही.

होडीविषयी एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगायची आहे. मे २०२४ मध्ये याच उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. म्हणून होडीत बसण्याआधी प्रत्येकीनं जॅकेट घालायचंच. साडीवर बरं दिसत नाही, म्हणून काढून ठेवायचं नाही. वारा सुटला की फिरणं तिथंच थांबवायचं. होडीत उभं राहून फोटो काढायचा नाही आणि पक्षी उडवा म्हणून होडीवाल्याला सांगायचं नाही. दमून आलेल्या पाहुण्याला कुणी ताटावरून उठवतं का?

पोथीतली बारामती

परत येताना बारामतीत थांबलो. बाजारासाठी, दवाखान्यासाठी आपण बारामतीला नेहमीच जातो. पण त्या दिवशी कऱ्हेच्या काठाला गेलो, काशीविश्वेश्वराच्या देवळात.

आमच्यात पाच जणी दर सोमवारी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचतात. ही पोथी श्रीधरस्वामींनी शके १६४० मध्ये बारामतीत पूर्ण केली. पोथीच्या शेवटी त्यांनी स्वतःच बारामतीचं आणि नदीचं नाव घातलंय. कऱ्हेला तिथं ब्रह्मकमंडलू म्हटलंय, म्हणून ते आपल्या ध्यानात येत नाही. रोज वाचणारीनंसुद्धा हे कधी नीट पाहिलं नव्हतं. अकराव्यावरच पोथी मिटायची सवय! आम्ही देवळात बसून तो शेवट वाचला. आपण आठवड्याला भाजी घेतो त्या गावात तीनशे वर्षांपूर्वी हे लिहून झालं, हे कळल्यावर एक जण हळूच म्हणाली, "म्हंजे ही पोथी आपल्या गावशिवंतलीच की."

याच बारामतीत कवी मोरोपंत राहिले. जन्म १७२९ चा पन्हाळ्याचा, पण हयात इथं गेली आणि १७९४ मध्ये इथंच वारले. बाबुजी नाईकांनी त्यांना आश्रय दिला. रामायणाची गोष्ट त्यांनी शंभराहून जास्त वेगवेगळ्या तऱ्हांनी रचली. मुलांच्या पुस्तकात त्यांचं नाव येतं तेव्हा आता आम्हाला सांगता येतं की ते आपल्या तालुक्यातले.

तिथून मोरगाव. मयुरेश्वराला सगळ्या जणी आधी जाऊन आलेल्या, पण रांगेत उभं राहायचं, दर्शन घ्यायचं आणि निघायचं, एवढंच. या वेळी बाहेरून नीट बघितलं. देवळाला चारी कोपऱ्यांवर मिनार आहेत, लांबून मशीदच वाटते. गणपतीसमोर उंदीर असतोच, पण इथं मोठा नंदीही आहे. शंकराच्या देवळासाठी नेत असताना गाडा मोडला आणि नंदी इथंच बसला, अशी कथा सांगतात. अष्टविनायकाची यात्रा इथून सुरू करतात आणि इथंच येऊन पुरी करतात.

माळावरची

आता जरा आपल्या तालुक्याचं सांगतो. लांबच्या ऐकणाऱ्यांना माहीत नसेल. बारामती तालुका म्हणजे दोन वेगळे मुलूख. नीरेच्या डाव्या कालव्याखालचा बागायती पट्टा, आमचं माळेगाव त्यात. इथं ऊस, साखर कारखाना, बाराही महिने हिरवं. आणि दुसरा मोरगाव-सुप्याकडचा जिरायती. तिथं पावसाची ज्वारी-बाजरी, मेंढरं आणि टँकर. जिरायतातल्या मुली बागायतात दिल्या जातात. मुलगी पाण्याला पडली, असं म्हणतात. आणि सासरी तिला वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं, "माळावरची आहे ती."

आमच्या गटातही अशी एक आहे. माहेर सुप्याजवळ. बैठकीत ती कडेला बसायची. सही करायची, पैसे द्यायची, उठायची. एखादीनं थट्टेत 'माळावरची' म्हटलं तर हसायची. खरं सांगायचं तर आम्हीही म्हटलेलं आहे.

दुपारी चारला सुप्याच्या मयुरेश्वर अभयारण्यात पोचलो. १९९७ साली हे जाहीर झालं. ५.१४ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण १,२७० एकर. राज्यातल्या लहान अभयारण्यांपैकी एक. गाडीतून उतरल्यावर आमची तोंडं पडली. झाडी नाही, सावली नाही, वाळलेलं पिवळं गवत आणि मधून मधून बोर, बाभूळ, हिवर. एक जण म्हणाली, "हे कसलं जंगल? हे तर पडीक."

तेव्हा ती माळावरची पुढं झाली. म्हणाली, "पडीक न्हाई हे. हे भरलेलं घर हाय. गप उभ्या ऱ्हावा."

आम्ही गप्प उभ्या राहिलो. तिनं बोट केलं तिकडं आधी काहीच दिसेना. मग गवतातच एक कान हलला. चिंकारा! तिच्याकडं त्याला नुसतं हरीणच म्हणतात. शेळीएवढं, अंग मातीच्या रंगाचं, पोट पांढरं. एक, दोन, पाच. एकानं पुढचा पाय जमिनीवर आपटला, शेपटी झटकली आणि सगळी एका उडीत पसार. ती म्हणाली, पाय आपटणं म्हणजे दुसऱ्यांना सावध करणं. या जातीत मादीलाही शिंगं असतात, बारीक. आणि पाण्यावाचून ते पुष्कळ दिवस काढतं. पाल्यातला ओलावा आणि पहाटेचं दव त्याला पुरतं.

मग तिनं आम्हाला गवतं दाखवली. ही कुसळी, हा पवन्या, हे मारवेल. कोणतं गवत मेंढरं आवडीनं खातात, कोणतं छपराला वापरतात. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी असतात म्हणून पाय कुठं द्यायचा, कुठं द्यायचा नाही. लहानपणी वडिलांबरोबर मेंढरामागं फिरताना शिकलेलं. पंधरा वर्षं ती आमच्या गटात होती आणि आम्हाला एवढंही माहीत नव्हतं की तिला एवढं येतं.

लांडग्याबद्दल कुणीतरी विचारलं. ती म्हणाली, "हाय की. लांडगं हाय, खोकड हाय, तरस हाय. लांडगं मेंढरू नेतं. बाप दोन दिवस शिव्या देतो, पर लांडगं संपावं असं कधी म्हणला न्हाई." ज्यांच्याकडं शेळ्या-मेंढ्या आहेत त्या मैत्रिणींनी ध्यानात ठेवा, वन्य प्राण्यानं जनावर मारलं तर लगेच वन विभागाला कळवा आणि पंचनामा करून घ्या. त्याची नुकसानभरपाई मिळते.

या गवताळ रानाला सरकारी कागदावरही पुष्कळदा पडीकच समजलं गेलं. मग कुणी तिथं भराभर झाडं लावली, कुणी नांगर घातला, कुणी मुरूम उपसला. झाड लावणं चांगलंच. पण जिथं गवतच रान आहे तिथं दाट झाडी केली तर चिंकाऱ्याला पळायला, लांबचं बघायला जागा उरत नाही आणि मेंढरांची चराई जाते. आता वन विभागानं इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे. शिर्सुफळच्या शिरसाईला जाणाऱ्या बायकांनी देवीबरोबर हेही बघून यावं.

परतीच्या गाडीत ती माळावरची पुढच्या सीटवर बसली. कुणी बसवली नाही, आपणहून बसली.

आक्कांचं माहेर

गाडीत गाणी चालली होती. एकदम आक्का बोलल्या, "तुमची पाखरं बघून झाली, हरणं बघून झाली. आता माझं माहेर बघाया कधी येताय?"

"कुठंय आक्का तुमचं माहेर?"

"सकाळी ज्या पाण्यावर होडीत बसला, त्याच पाण्यात. थोडं खाली. पळसदेव."

गाडीतली गाणी थांबली. आक्का दहा-अकरा वर्षांच्या होत्या तेव्हा उजनीचं पाणी चढलं आणि गाव उठलं. नवं पळसदेव पुणे-सोलापूर हमरस्त्याला वसलं. जुन्या गावाचं पळसनाथाचं देऊळ पाण्यात गेलं. उन्हाळ्यात धरण खाली गेलं, आपल्याकडं म्हणतात तसं उजनी मायनसमध्ये गेली, की आधी शिखर दिसतं आणि मग देऊळ वर येतं. पेपरात फोटो येतात, लोक बघायला जातात. आक्का कधी गेल्या नव्हत्या. "कुणी न्हेलं न्हाई, आन् म्या म्हणले न्हाई," एवढंच म्हणाल्या.

मे महिन्यात आम्ही गेलो, सोळाच्या सोळा. पहिल्या वेळी अंगण झाडत राहिलेलीही आली. तिच्या घरी सासूनंच सांगितलं, "आक्काचं माहेर बघाया चाललीस, जा." बघायला नाही, पण माहेरी जायला परवानगी मिळाली!

पाणी ओसरलेलं होतं. भेगाळलेल्या गाळावरून चालत देवळापाशी गेलो. काळ्या दगडाचं काम, खांबांवर नक्षी. आवारात वीरगळ आणि सतीशिळा. लढाईत पडलेल्या माणसाचा दगड तो वीरगळ, त्यावर लढाई कोरलेली असते. सती गेलेल्या बाईचा दगड ती सतीशिळा, त्यावर काकणं भरलेला हात असतो. त्या हाताकडं आम्ही बराच वेळ बघत राहिलो. दगडावर बाईचं नाव कुठं नव्हतं, नुसता हात आणि काकणं.

आक्का देवळात गेल्या, बाहेर आल्या आणि देवळाकडं पाठ करून उभ्या राहिल्या. बोटानं मोजायला लागल्या. ही पेठ, हा पार, इथून नदीला उतार, हे तिसरं घर. सगळीकडं नुसता गाळ. तिसऱ्या घराच्या जागी कुणीतरी गाळपेर केली होती. मका कमरेएवढा आला होता. आक्का मक्याच्या कडेला बसल्या, म्हणाल्या, "चला, जेवून घेऊ. माहेरी आलीय, उपाशी कशी जाऊ?" आम्ही सगळ्या तिथंच भाकरी सोडून बसलो. आक्का रडल्या नाहीत. त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. एरवी एक खातात.

जेवताना एक जण सहज म्हणाली, "बरं झालं, आपला ऊस उजनीच्या पाण्यावर नाही." मग आम्ही हिशेब केला. आपला ऊस नीरेच्या कालव्यावर. कालव्याला पाणी येतं ते वीर आणि भाटघर धरणांतून. भाटघर तिकडं भोर तालुक्यात, १९२८ साली पुरं झालेलं. तिथंही कांबरे गावचं जुनं देऊळ पाण्यात आहे आणि उन्हाळ्यात वर येतं. म्हणजे आपल्या उसाच्या पाण्याखालीही कुणाचं तरी माहेर आहेच. त्यावर कुणी काही बोललं नाही.

कचेरीतली पाखरं

तिथून इंदापूरला गेलो. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांची गढी इथं आहे. पुणे-सुपे ही शहाजीराजांची जहागीर, म्हणजे आम्ही आधी पाहिलेलं सुपं आणि हे इंदापूर एकाच घराण्याच्या गोष्टीत येतं. आमच्यातल्या एकीचा मुलगा शिवजयंतीला भाषण करतो. ती म्हणाली, "आता त्याला मी सांगीन."

आणि शेवटचं ठिकाण म्हणजे तहसील कचेरी! हसू नका. तिथल्या चिंचेच्या झाडांवर चित्रबलाक पक्षी घरटी करतात. मोठे, पांढरे, लांब पिवळी चोच, शेपटीजवळ गुलाबी पिसं. एका एका झाडावर कितीतरी घरटी, पिल्लांचा कल्ला आणि खाली विष्ठेचा वास. तलावातून मासे आणायचे आणि माणसांच्या गर्दीत पिल्लं वाढवायची. कचेरीच्या आवारात कुत्री-मांजरं आणि शिकारी यांच्यापासून ती सुरक्षित असतील, असं आम्हाला वाटलं. कचेरीत आलेल्या एका म्हाताऱ्या आजींना आम्ही वर बोट करून दाखवलं. त्या म्हणाल्या, "दाखल्यासाठी चार चकरा झाल्या, पर वर कधी बघितलंच न्हाई बाई." कचेरीत आपण खाली मान घालूनच जातो ना!

तुम्ही जाणार असाल तर

पक्ष्यांसाठी डिसेंबर ते मार्च बरा आणि पहाटेच पोचायला हवं. चिंकाऱ्यासाठी सकाळ किंवा संध्याकाळ. भडक साड्या नकोत, मोबाइलचा आवाज बंद, अत्तर-गजरा त्या दिवशी राहू द्या. पळसदेवला जायच्या आधी पाणी किती उतरलंय हे तिथल्या माणसाला विचारा; ओल्या गाळात पाय रुतून माणूस अडकतं, म्हणून मळलेल्या वाटेनंच जा. प्राण्या-पक्ष्यांना खायला काही टाकू नका. आणि जाण्याआधी गटात विचारा, कुणाचं माहेर कुठं आहे? ठिकाणं तिथूनच ठरवा. आमच्या वहीत पुढची दोन नावं आलीच आहेत. नीरा नरसिंहपूर, जिथं नीरा आणि भीमा भेटतात. आणि यवतजवळचं भुलेश्वर, जिथं गणपतीचं स्त्रीरूप कोरलेलं आहे.

सहलीनं काय मिळालं, असं घरचे विचारतात. मोठं काही सांगता येत नाही. गटात आता कुणी कुणाला 'माळावरची' म्हणत नाही. शेळीपालनाचं काही विचारायचं असलं की सगळ्या तिच्याकडं जातात. आणि परवाच्या बैठकीत एक प्रकार झाला. आमच्यातल्या एकीच्या उसाला रात्रीचं पाणी सोडलेलं, दारं धरायला कुणी उठलं नाही आणि पाटाचं पाणी फुटून रस्त्यावर आलं. ती हसत हसत सांगत होती. आक्का म्हणाल्या, "हसू नगं बाई. कुणाचं तरी घर बुडालंय त्या पाण्यापायी."

तिनं ठिबकसाठी अंतर्गत कर्जाचा अर्ज दिलाय. या महिन्याच्या बैठकीत तो मंजुरीला आहे.

सहलीच्या वहीत दर महिन्याचे ५० रुपये पुन्हा सुरू झालेत. तुमच्या गटातही एक वही घाला.